‘दगावली’ या क्रियापदाचा कर्ता

२०२५ च्या ऑक्टोबर महिन्यातील पहिल्या दहा-बारा दिवसांची वर्तमानपत्रे मी रद्दीत दिली नाहीत. ती अजून माझ्या टेबलाच्या खालच्या खणात आहेत. मी काही संग्राहक वृत्तीचा माणूस नव्हे. पण पदवीच्या वर्गाला प्रयोगविचार शिकवताना पाठ्यपुस्तकातील ‘रामाने आंबा खाल्ला’ या वाक्याचा मुलांना आणि मलाही इतका कंटाळा आलेला असतो, की ताज्या बातम्यांतील वाक्ये फळ्यावर लिहिण्याची सवय मला लागली आहे. त्या आठवड्यात वाक्यांचा तुटवडा नव्हता.

सोमवारी, ६ ऑक्टोबरला, वैद्यकशास्त्राचे नोबेल जाहीर झाले. आपल्या शरीराची संरक्षक यंत्रणा आपल्याच अवयवांवर का तुटून पडत नाही, तिला आवर घालणाऱ्या पेशी कोणत्या, या प्रश्नाचा छडा लावणाऱ्या मेरी ब्रंको, फ्रेड रॅम्सडेल आणि शिमोन साकागुची या तिघांना ते मिळाले. बातमी वाचून मन प्रसन्न व्हावे अशीच होती. त्याच अंकात, काही पाने उलटल्यावर, मध्य प्रदेशातील छिंदवाडा जिल्ह्यात खोकल्याचे औषध पिऊन मृत्यू पावलेल्या मुलांचा आकडा होता. तो आदल्या दिवशीपेक्षा वाढलेला होता. दुसऱ्या दिवशी आणखी वाढला. अखेरीस तो विसाच्या पुढे गेला. त्यांतली बहुतेक मुले पाच वर्षांच्या आतली.

छिंदवाडा म्हटले, की पुण्या-मुंबईच्या वाचकाला ते दूरचे वाटते. नागपूरकराला तसे वाटत नाही. जेमतेम सव्वाशे किलोमीटर अंतर. सौंसर-पांढुर्ण्याकडची मराठी बोलणारी मुले आमच्या वर्गांत असतात, आणि त्या भागातले आजारपण हाताबाहेर गेले, की गाडी नागपूरच्याच दिशेने वळते. परासिया परिसरातली ही मुलेही इकडेच आणली गेली. काही खाजगी इस्पितळांत, काही एम्समध्ये, काही त्या शासकीय रुग्णालयात, ज्याला आमच्याकडे सगळे नुसते ‘मेडिकल’ म्हणतात. साध्या सर्दी-तापासाठी औषध दिलेले मूल दोन-चार दिवसांत उलट्या करू लागते, त्याची लघवी बंद होते, आणि आईबाप कर्ज काढून त्याला डायलिसिसवर ठेवण्यासाठी परक्या शहरात धावतात. त्यांतली पुष्कळ मुले परत गेली नाहीत.

मी फळ्यावर लिहिलेले पहिले वाक्य होते : ‘मुले दगावली.’

‘दगावणे’ हे मोठे विलक्षण क्रियापद आहे. ते आपण राजे-महाराजांसाठी वापरत नाही, नेत्यांसाठी तर नाहीच. त्यांचे निधन होते, देहावसान होते. दगावतात ती गुरे, लहान मुले आणि इस्पितळातले गोरगरीब रुग्ण. या शब्दात ‘दगा’ उघड्या डोळ्यांनी दिसतो. पण दगा कोणी दिला हे क्रियापद सांगत नाही. ते अकर्मक आहे, आणि व्याकरणाच्या नियमाने ‘मुले’ हाच त्याचा कर्ता ठरतो. म्हणजे जे काही केले ते मुलांनीच! दुसरे वाक्य : ‘औषधात भेसळ आढळली.’ येथे कर्ता भेसळ. तिसरे वाक्य मंत्र्यांचे, आणि पक्ष कोणताही असो, दरवेळचेच : ‘दोषींची गय केली जाणार नाही.’ हा कर्मणी प्रयोग. गय कोण करणार नाही, ते लुप्त आहे; शिवाय काय केले जाणार नाही एवढेच सांगितले आहे, काय केले जाईल याचा पत्ता नाही. तीन वाक्ये आणि तिन्हींत माणूस नाही, हे माझ्या आधी मागच्या बाकावरच्या एका विद्यार्थिनीने ओळखले. ती परिचारिकेचे शिक्षण अर्धवट सोडून आलेली. तिने विचारले, ‘सर, पण ते औषधात गेलंच कसं?’ व्याकरणाचा तास तेथे संपला. उत्तर मला तेव्हा नीट देता आले नाही. नंतर वाचून जे समजले ते असे.

पातळ औषधात काही द्रव्ये पाण्यात नीट विरघळत नाहीत, म्हणून त्यांना प्रॉपिलीन ग्लायकॉल किंवा ग्लिसरीन यांसारख्या द्रावकाचा आधार द्यावा लागतो. औषधी दर्जाचा द्रावक महाग असतो. डायएथिलीन ग्लायकॉल हा दिसायला तसाच, रंगहीन, दाट आणि दुर्दैवाने गोड. तो रंग, गोठणरोधक द्रव, ब्रेक ऑइल अशा कारखानी मालात वापरला जातो आणि स्वस्त असतो. यकृतात त्याचे विघटन होऊन जे आम्ल तयार होते ते मूत्रपिंडाच्या सूक्ष्म नलिकांतील पेशी मारते. लहान शरीराला थोडी मात्रा पुरते. ही भेसळ ०.१ टक्क्याहून अधिक असता कामा नये असा नियम आहे. ‘कोल्ड्रिफ’ नावाच्या त्या औषधाच्या तपासलेल्या नमुन्यात ती ४८.६ टक्के निघाली. म्हणजे मर्यादेच्या जवळजवळ पाचशे पट; म्हणजे बाटलीत औषध कमी आणि विष जास्त, असे म्हटले तरी ते अलंकारिक होणार नाही.

हा नमुना तामिळनाडूच्या औषध नियंत्रण खात्याने तपासला, कारण कारखाना कांचीपुरम जिल्ह्यातला. मध्य प्रदेशाचे पत्र मिळाल्यावर, ऐन सणाच्या सुट्ट्यांत, दीड-दोन दिवसांत, २ ऑक्टोबरला अहवाल तयार झाला. ३ तारखेला केंद्रीय आरोग्य मंत्रालय सांगत होते, की तपासलेल्या नमुन्यांत हे विष आढळलेले नाही. ते नमुने वेगळे होते, हे खरे. ४ तारखेला तेच मंत्रालय तामिळनाडूच्या नमुन्यात ते आढळल्याचे सांगत होते. मला या विसंगतीपेक्षा त्या दोन दिवसांचे महत्त्व अधिक वाटते. तपासणी दोन दिवसांत होऊ शकते. त्यासाठी नोबेल मिळवणारे विज्ञान लागत नाही. कोणत्याही बऱ्या प्रयोगशाळेत होणारी ही चाचणी आहे. मुलांच्या मृत्यूंनंतर त्या कारखान्यात गेलेल्या निरीक्षकांना साडेतीनशेहून अधिक त्रुटी सापडल्या, त्यांत औषधी दर्जाचा नसलेला द्रावक वापरणे ही एक. साडेतीनशे त्रुटी एका रात्रीत जमत नाहीत. त्या साचत असताना तेथे कोणी पाऊल टाकले होते काय, एवढाच माझा प्रश्न आहे.

आणि हे पहिल्यांदा घडले असते तर समजण्यासारखे होते. १९३७ साली अमेरिकेत ‘एलिक्सिर सल्फॅनिलमाइड’ नावाचे गोड औषध बाजारात आले. त्यात हेच विष द्रावक म्हणून घातले होते आणि शंभराहून अधिक माणसे मेली, त्यांत बरीच मुले. गंमत म्हणावी की काय (शब्द चुकतो आहे, पण राहू द्या), त्या काळी तेथील कायद्यात औषध सुरक्षित असले पाहिजे अशी अटच नव्हती. सरकारला माल जप्त करता आला तो केवळ एका शब्दामुळे. ‘एलिक्सिर’ म्हटले की त्यात मद्यार्क हवा, तो नव्हता. म्हणून नाव खोटे! भाषेच्या शिक्षकाला याचा अभिमान वाटावा की लाज, हे मला ठरवता येत नाही. मात्र पुढच्याच वर्षी, १९३८ मध्ये, अमेरिकेने नवा कायदा केला आणि बाजारात येण्याआधी औषध निर्धोक असल्याचे दाखवणे उत्पादकावर बंधनकारक केले.

आपल्याकडे १९४० पासून औषध कायदा आहे. तो असताना १९७३ मध्ये मद्रासला १४ मुले याच विषाने गेली. १९८६ मध्ये मुंबईत, खुद्द जे. जे. रुग्णालयात, ग्लिसरीन म्हणून दिलेल्या द्रवाने १४ रुग्ण गेले. १९९८ मध्ये दिल्ली परिसरात ३३ मुले. २०२० च्या सुमारास जम्मूतील रामनगरला दहाहून अधिक. २०२२ मध्ये आपल्या देशात तयार झालेल्या औषधांशी जोडले गेलेले गांबियातील सत्तरच्या आसपास मृत्यू, आणि त्याच वर्षाअखेरीस उझबेकिस्तान. ही यादी मी मुद्दाम भरभर लिहिली, कारण प्रत्येक वेळी वाक्ये तीच होती.

यांपैकी जे. जे. प्रकरणाकडे मराठी वाचकाने पुन्हा पाहायला हवे. न्यायमूर्ती बख्तावर लेंटिन यांच्या आयोगाने पुरवठादार, खरेदी करणारे, औषध प्रशासन आणि मंत्री यांच्यातील साटेलोटे उघडे केले. कारखानी दर्जाचे ग्लिसरीन रुग्णाच्या उशापर्यंत कोणकोणत्या हातांतून आणि कोणकोणत्या सह्यांनिशी पोहोचले, याचा माग काढला. म्हणजे आयोगाने कर्ता शोधला. एक नव्हे, अनेक. त्या अहवालाने विधिमंडळात आणि वर्तमानपत्रांत गदारोळ उठवला. आज माझ्या वर्गातील एकाही विद्यार्थ्याला लेंटिन हे नाव ठाऊक नाही. त्यांचा दोष नाही. माझ्या अनेक सहकाऱ्यांनाही ते आठवत नाही. इंग्रजांच्या काळातल्या बखरी संपादित करून छापणारे आपण, आपल्याच राजधानीत चौदा माणसे कशी मारली गेली याचा साधार दस्तऐवज मराठीत सहज वाचायला मिळेल अशी व्यवस्था करू शकलो नाही.

आता राजकारणाचा भाग. गांबियाच्या नाचक्कीनंतर १ जून २०२३ पासून सरकारने नियम केला, की निर्यात होणारे खोकल्याचे प्रत्येक औषध आधी सरकारमान्य प्रयोगशाळेत तपासून घ्यावे. उत्तम नियम. पण तो निर्यातीपुरता. देशातल्या बाजारासाठी कारखानदारानेच आपला माल तपासावा आणि निरीक्षकाने अधूनमधून नमुना उचलावा, ही जुनी रीत कायम राहिली. बंजुलच्या मुलाच्या घशात जाणाऱ्या बाटलीला सरकारी तपासणी आणि परासियाच्या मुलाच्या घशात जाणाऱ्या बाटलीला मालकाचा शब्द, असा त्याचा सरळ अर्थ होतो. त्याच २०२३ साली ‘जनविश्वास’ नावाच्या कायद्याने औषध कायद्यातील काही गुन्हे रक्कम भरून मिटवता येतील अशी सोय झाली. भेसळीने मृत्यू झाला तर जन्मठेपेपर्यंतची शिक्षा आहेच, हे मान्य. माझा आक्षेप क्रमाला आहे : मृत्यूनंतर कायदा कठोर आणि मृत्यूआधी समजूतदार. लहान उद्योगांना जाच नको, हा युक्तिवाद मला कळतो. पण औषधाचा कारखाना हा पापडाचा गृहोद्योग नव्हे.

डॉक्टरला अटक झाली, त्यावरही बरेच बोलले गेले. वैद्यकीय संघटनेने निषेध केला, आणि त्यात तथ्य आहे : बाटलीत काय आहे हे डॉक्टर जिभेवर ठेवून ओळखू शकत नाही. परंतु क्लोरफेनिरामिन आणि फिनाइलेफ्रिन यांचे मिश्रण चार वर्षांखालील मुलांना देऊ नये, अशी सूचना वेष्टनावर छापण्याचा आदेश डिसेंबर २०२३ मध्येच निघाला होता, आणि ‘कोल्ड्रिफ’मध्ये हीच दोन द्रव्ये होती. हा प्रश्न विषाच्या प्रश्नाहून वेगळा असला तरी संपलेला नाही. लहान मुलाचा साधा खोकला बहुधा आपोआप बरा होतो; तरी ‘औषध लिहून दिले नाही’ म्हणून दुसऱ्या डॉक्टरकडे जाणारे पालक आपणच आहोत. उलट, या निमित्ताने ‘बघा, तुमचे आधुनिक वैद्यक!’ म्हणून टाळ्या पिटणारेही भेटले. त्यांच्याशी वाद घालण्यात अर्थ नाही. विष ओळखले ते आधुनिक रसायनशास्त्राने. आंधळा होता तो निरीक्षणाचा कारभार.

असो. परवा आमच्या कोपऱ्यावरच्या औषधाच्या दुकानात गेलो होतो. दुकानदार जुना ओळखीचा. ऑक्टोबरात त्याने लहान मुलांच्या खोकल्याच्या बाटल्या पुढच्या फळीवरून काढून टाकल्या होत्या. आता त्या परत आल्या आहेत. मी एक उचलली आणि चष्मा वर करून वाचू लागलो. घटकद्रव्ये, उत्पादकाचा पत्ता, तुकडीचा क्रमांक, सारे मोहरीएवढ्या अक्षरांत, आणि इंग्रजीत. त्याला विचारले, उद्या या तुकडीत काही निघाले, तर ही बाटली कोणाकडे गेली ते तुला सांगता येईल का? तो म्हणाला, ‘बिल घेतलं असेल तर येईल ना सर.’ मग थोडे थांबून म्हणाला, ‘तुम्ही वीस वर्षांत कधी घेतलं?’

त्या दिवशी मी घेतले. त्याने पावतीपुस्तक शोधायला पाच मिनिटे लावली.