टाकीतली सोयरीक



मार्च सरत आला की मला एक ठरलेला प्रश्न येतो. "घरातले मासे एकेक करून का मरतायत?" विचारणारे कधी भालकीचे असतात, कधी आळंदचे, कधी गुलबर्ग्याचे. मी विचारतो, टाकीत कोण कोण आहे? उत्तर बहुतेक वेळा सारखंच येतं. दोन गोल्डफिश, चार टायगर बार्ब, एंजलची एक जोडी, पाच-सहा निऑन टेट्रा आणि काच साफ करायला एक सकर. दुकानात पोरांनी बोट दाखवलं ते ते पिशवीत आलं.

सोयरीक जुळवताना आपण घरदार, स्वभाव, खाणंपिणं सगळं बघतो. माशांच्या बाबतीत मात्र फक्त रंग बघतो! वरच्या यादीचंच बघा. गोल्डफिश थंड पाण्याचा, आपल्या एप्रिलमध्ये त्याचे हाल होतात. टायगर बार्ब खोडकर, एंजलचे लांब पंख कुरतडत बसतो. एंजल मोठा झाला की निऑन गिळतो. निऑनलाही फार गरम पाणी सोसत नाही. म्हणजे पाच पाहुणे, आणि एकाचं दुसऱ्याशी जमत नाही.

आपल्या भागात मासे निवडताना मी तीन गोष्टी बघतो.

पहिली गोष्ट उष्णता. पुस्तकांत हीटर कसा लावावा यावर पानंच्या पानं असतात, कारण ती थंड देशांत लिहिलेली. गुलबर्ग्यात एप्रिल-मे महिन्यांत पारा ४२ च्या वर जातो आणि खोलीतल्या टाकीचं पाणी सहज ३१-३२ अंशांवर पोचतं. बिदर उंचावर असल्यामुळे थोडं बरं, पण तिथे थंडीत पहाटे चांगलाच गारठा असतो, तेव्हा लहान टाकीला हीटर लागतो. गरम पाण्यात प्राणवायूही कमी विरघळतो. २० अंशांना लिटरमागे साधारण ९ मिलिग्रॅम, तर ३० अंशांना साडेसात. त्यामुळे उन्हाळ्यात मासे वर येऊन तोंड उघडझाप करतात.

दुसरी गोष्ट पाणी. आमच्या घरी बोअरचं पाणी आहे, तुमच्यापैकी अनेकांकडेही असेल. ज्या पाण्यात डाळ लवकर शिजत नाही आणि भांड्यावर पांढरा थर बसतो, ते जड पाणी. डिस्कस माशाला २८ ते ३० अंशांचं पाणी लागतं, म्हणून तो आपल्याकडे चालेल असं वाटतं. पण त्याला पाणी मऊ हवं. आरओचं पाणी मिसळण्याची रोजची तयारी असेल तरच त्याच्या वाटेला जा. मग कार्डिनल टेट्रा आणि स्टर्बाय कोरी हे उष्णता सोसणारे सोबती त्याला शोभतात.

तिसरी गोष्ट स्वभाव आणि वाढ. फायटर नर गप्पीच्या शेपटीला शत्रू समजतो. फ्लॉवरहॉर्न एकटाच राहणारा. आणि दोन इंचांचा गोंडस सकर फूटभर, कधी त्याहून मोठा होतो. मग तो टाकीत मावत नाही आणि लोक त्याला तळ्यात नाहीतर नदीत सोडतात. कृपा करून तसं करू नका. मूळचा दक्षिण अमेरिकेचा हा मासा पूर्व कोलकात्याच्या पाणथळींसह देशात अनेक ठिकाणी पसरला आहे. आपल्या भीमेत आणि कारंजात त्याची भर नको.

मग ठेवायचं काय? गप्पी आणि मॉली. दोघांना जड पाणी मानवतं आणि उष्णताही सोसते. डास मारायला आरोग्य खात्याचे लोक हौदात सोडतात तेच हे गप्पी, त्यांचे रंगीत भाऊबंद. सोबतीला हनी गुरामी, आपल्याच गंगा-ब्रह्मपुत्रेच्या खोऱ्यातला शांत मासा. गुरामीला हवेतून श्वास घेण्याचा एक वेगळा अवयव असतो, त्यामुळे पाण्यातला प्राणवायू घटला तरी तो तग धरतो.

२४ इंच लांब, १२ रुंद आणि १५ उंच टाकीत साधारण ७० लिटर पाणी मावतं, वाळू-दगड वजा जाता ५५-६०. एवढ्यात एक नर आणि तीन माद्या मॉली, सहा नर गप्पी आणि हनी गुरामीची एक जोडी पुरे. गप्पी फक्त नर घेतले की पिलांचा सुळसुळाट होत नाही. मॉलीची पिलं होतील, त्यांतली बरीचशी मोठे मासे खातात.

उन्हाळ्यासाठी चार गोष्टी. झाकण काढून जाळी घाला आणि पाण्यावरून पंख्याचा वारा जाऊ द्या. माठ जसा गार होतो तसंच पाणीही बाष्पीभवनाने दोन-तीन अंश उतरतं. मात्र उडालेलं पाणी क्षार मागे ठेवून जातं, म्हणून नुसती भर न घालता आठवड्याला पाव टाकी पाणी बदला. खाणं निम्म्यावर आणा, कारण गरम आणि अल्कधर्मी पाण्यात घाणीतला अमोनिया जास्त विषारी ठरतो. आणि लाईट गेली तर बॅटरीवरचा एअर पंप जवळ असू द्या. तोही नसेल तर तांब्याने पाणी उंचावरून टाकीतच ओतत राहा.

दुकानदाराला भाव विचारण्याआधी हा मासा किती मोठा होतो ते विचारा. पोरांनाही सांगा, की टाकीतला जीव पाणी गरम झालं म्हणून उठून दुसऱ्या खोलीत जाऊ शकत नाही. त्याच्या वाट्याची निवड आपणच करायची असते.

तुमच्या टाकीत कोण कोण नांदतंय ते जरूर कळवा.