वडिलांची चोवीस इंची

उंच माणसाला या जगात एक वस्तू फुकट आणि भरपूर मिळते. ती म्हणजे सल्ला. "जरा वाकून या," "पंखा सांभाळा," "चौकट लागेल हं!" चौकट बुटकी आहे असे कोणी म्हणत नाही, माणूसच गरजेपेक्षा लांब आहे, असा निवाडा केव्हाच होऊन गेलेला असतो. सायकलीच्या राज्यातही हाच कायदा चालतो, हे मला गेल्या पावसाळ्यात कळले. आणि ते कळता कळता माझ्या स्वतःच्या घरातला एक जुना खटलाही निकालात निघाला. दिवाळीच्या फराळाबरोबर वाचकांना यंदा त्याचीच हकीकत सांगतो.

जळगावच्या ज्या कॉलेजात मी मराठी शिकवतो, तिथे बी.ए.च्या वर्गात शेवटच्या बाकावर एक विद्यार्थी बसतो. शेवटच्या बाकावरचे सगळेच काही उडाणटप्पू नसतात. याला तिथे बसावे लागते, कारण पुढच्या एकाही बाकाखाली त्याचे पाय मावत नाहीत. उंची सहा फूट दोन इंच. गाव गिरणेपलीकडे, नऊ किलोमीटरवर. सातच्या तासाला पोचवील अशी एस.टी. नाही, म्हणून तो सायकलने येतो. श्रावणात हा मुलगा आठवडाभर दिसला नाही. दिसला तो लंगडताना.

"सर, गुडघे फार दुखतात. कॉलेज सोडून बाहेरून परीक्षा द्यावी म्हणतो."

"डॉक्टरांना दाखवलेस का?"

"घरी म्हणतात, उंच माणसाचे गुडघे असेच असतात."

मी त्याला डॉक्टरकडे धाडले. डॉक्टरांनी गुडघे दाबून पाहिले आणि पहिलाच प्रश्न विचारला, "सायकलची सीट कुठे असते तुझी?" दुसऱ्या दिवशी मी त्याला कॉलेजच्या आवारात एक फेरी मारायला लावली. एखादा नाकतोडा काडेपेटीवर बसून निघावा तसे ते दृश्य होते. पाय कधीच सरळ होत नव्हते, आणि वळताना गुडघा हँडलवर आपटत होता. सीट तर वरच्या शेवटच्या खुणेपर्यंत चढवलेली होती!

आम्ही दोघे दुकानात गेलो. दुकानदार मूळचा साक्रीकडचा. त्याने एकदा सायकलीकडे पाहिले, एकदा मुलाकडे पाहिले आणि निकाल दिला, "मास्तर, सायकल लहानी नहीं शे. हाऊ पोऱ्याच लांबा शे!" वर त्याने असेही सांगितले, की पोरगा उंच म्हणूनच त्याला बावीसची न देता सव्वीसची दिली होती.

इथे माझ्यातला व्याकरणाचा मास्तर जागा झाला. 'बावीसची' आणि 'सव्वीसची' ही झाली विशेषणे. पण विशेष्य कुठे आहे? जुन्या काळ्या सायकलीला बावीसची म्हणतात तेव्हा ते माप फ्रेमचे असते. पायडल ज्या आसाभोवती फिरते तिथपासून सीटच्या नळीच्या वरच्या टोकापर्यंत 22 इंच. तिची चाके मात्र 28 इंची. नव्या, जाड टायरच्या सायकलीला सव्वीसची म्हणतात तेव्हा ते माप चाकाचे. म्हणजे बावीसची सोडून सव्वीसची घेतली, तर सायकल चार इंचांनी मोठी होते हा निव्वळ भ्रम आहे. पुष्कळदा फ्रेम उलट लहानच पदरात पडते. विशेष्य गाळल्यामुळे परीक्षेत फार तर अर्धा गुण जातो. इथे एका मुलाचे गुडघे जायची वेळ आली होती.

मग आम्ही मोजायला बसलो. रीत अगदी सोपी आहे. अनवाणी, भिंतीला पाठ लावून उभे राहायचे, पाय थोडे फाकवायचे. मांड्यांमध्ये एक जाड पुस्तक आडवे धरून, सीटवर बसल्यासारखे वाटेल इतके वर दाबायचे. पुस्तकाच्या वरच्या कडेपासून जमिनीपर्यंतचे अंतर म्हणजे पायाची खरी लांबी. पुस्तक म्हणून आम्ही मराठी शब्दकोश वापरला. त्याचा इतका थेट उपयोग मी वीस वर्षांच्या नोकरीत केला नव्हता. माप आले 36 इंच.

इंग्लंडमध्ये 1967 साली हॅमली आणि थॉमस या दोन संशोधकांनी एक प्रमाण काढले. पायाची लांबी शंभर धरली, तर पायडल अगदी खाली असताना तिथपासून सीटच्या माथ्यापर्यंत एकशे नऊ असावे. 36 इंचांच्या पायाला हे अंतर सव्वाएकोणचाळीस इंच होते. आमच्या नाकतोड्याची सीट चौतीसवर होती. पाच इंच कमी! सीट इतकी खाली असली की गुडघा फार दुमडतो, आणि सारा भार त्याच्या पुढच्या बाजूवर येतो. फार वर असली तर कंबर डावी-उजवीकडे डुलते आणि गुडघ्यामागे दुखू लागते. लांब नळी घालून सीट वर नेता येते; पण नळी निदान अडीच इंच फ्रेमच्या आत हवी, आणि मुळात आखूड असलेली फ्रेम त्याने लांब होत नाही. गुडघा हँडलला लागायचा तो लागतोच. सरळ दांड्याच्या जुन्या फ्रेमसाठी ढोबळ हिशेब असा, की पायाच्या लांबीच्या दोन-तृतीयांश फ्रेम घ्यावी. छत्तीसचे दोन-तृतीयांश चोवीस.

"चोवीसची आहे का?" मी विचारले.

"पहिले यायच्या. आता बावीसच खपते," दुकानदार म्हणाला.

चोवीसची! ती तर धुळ्याला आमच्या घरच्या जिन्याखाली धूळ खात उभी होती.

अण्णा शाळामास्तर होते. 1949 साली मद्रासला टी. आय., 1951 साली सोनीपतला अॅटलास आणि 1956 साली लुधियानाला हीरो, असे कारखाने निघाले आणि ती काळी, इंग्रजी घाटाची सायकल आपल्या गावोगाव पोचली. अण्णांची त्याच जातीची, पण फ्रेम 24 इंची. पांझरेच्या पुलावरून ते ताठ बसून जायचे तेव्हा घोडेस्वारच वाटायचे. माझी उंची त्यांच्याएवढी, म्हणजे पाच फूट अकरा, भरली त्या दिवशी ते म्हणाले, "आजपासून सायकल तुझी."

मला ती कधीच चालवता आली नाही. थांबताना पाय टेकेना. आठवडाभरातच आग्रा रोडच्या गर्दीत, दळणाच्या डब्यासकट, मी आडवा झालो. अण्णांनी पीठ झटकले, मला उठवले आणि एवढेच म्हणाले, "उंची आली, हिंमत नाही आली." मग मी बावीसची घेतली आणि अण्णा आपल्या चोवीसवर परत बसले. त्या वाक्याबद्दल आम्ही पुन्हा कधी बोललो नाही. पण ते मी पंचवीस वर्षे सांभाळले.

सायकल आणायला धुळ्याला गेलो, तेव्हा टेप खिशातच होती. मी माझा पाय मोजला: साडेबत्तीस. मग आईला म्हटले, "अण्णांची एखादी पँट आहे का ग?" तिने ट्रंकेतून घडी केलेली खाकी पँट काढली. आतल्या शिवणीवर टेप धरली: चौतीस. माझ्या अंगावरच्या पँटची तीच शिवण एकतीस.

डोके एका उंचीवर, पण पायांत तीन इंचांचा फरक! त्यांची उंची पायांत होती, माझी धडात. त्या दिवशी कमी पडली होती ती हिंमत नव्हे.

आई म्हणाली, "मोजतोस काय? त्यांच्या पँटी तुला द्यायचे तेव्हा दर वेळी चार बोटे आत दुमडून शिवायचे की मी."

म्हणजे घरात हे माप एका माणसाला पहिल्यापासून ठाऊक होते. आम्ही दोघांनी तिला विचारले नव्हते, इतकेच.

केळी पोचवून रिकाम्या परतणाऱ्या टेंपोत घालून सायकल पारोळा-एरंडोलमार्गे जळगावला आणली. टायर, ट्यूब, चेन नवी घातली. मुलगा उभा राहिला तेव्हा दांड्याच्या वर दोन बोटे मोकळी राहिली. सीटवर बसून पायडल खाली नेले, त्यावर टाच ठेवली. पाय नेमका सरळ झाला. म्हणजे चवड्याने चालवताना गुडघा किंचित वाकलेला राहणार, आणि तसाच तो हवा. डॉक्टरांनी सांगितलेली विश्रांती घेऊन दसऱ्यापासून तो पुन्हा सातच्या तासाला येतो. बाहेरून परीक्षेची गोष्ट त्याने परत काढलेली नाही.

वाचकहो, पाडव्याला किंवा भाऊबिजेला घरात कुणाला सायकल घेणार असाल, तर टेप बरोबर न्या. नव्या सायकलींचा दांडा उतरता असतो आणि मापे लहान, मध्यम, मोठी अशी असतात. एका कंपनीचे मध्यम दुसरीचे मोठे निघते. तेव्हा अक्षरावर विसंबू नका. बसून पाहा, वळवून पाहा, टाच टेकवून पाहा. आणि माणसाची उंची विचारू नका, पाय मोजा.

अण्णा आज असते, तर ही टेप मी त्यांच्यापुढे ठेवली असती. ते काय म्हणाले असते तेही मला ठाऊक आहे. चष्मा कपाळावर चढवून त्यांनी विचारले असते, "मग त्या दिवशीच का नाही मोजलेस?"