श्रद्धा क्रुसावर, निष्ठा मातृभूमीवर

कुंडलिकेच्या मुखाशी, कोर्लई गडाच्या पायथ्याला एक ख्रिस्ती वस्ती आहे. पोर्तुगीज आणि मराठी यांच्या मिश्रणातून घडलेली बोली तेथे आजही बोलली जाते. १७४०च्या तहाने चौल-कोर्लई मराठ्यांकडे आले. परका सत्ताधीश गेला, रयत मात्र राहिली. तिचा क्रूस राहिला, बोलीही राहिली. आदल्याच वर्षी वसई जिंकताना मराठ्यांनी मागे राहणाऱ्या ख्रिस्ती रयतेला उपासनेची मुभा दिली होती. त्याच काळात गोव्यात इन्क्विझिशन चालू होते, हे ध्यानात घेतले म्हणजे हिंदू राज्यपरंपरेचे मोठेपण उमगते.

ख्रिस्ती श्रद्धा नागरिकत्वाच्या आड येते काय? येशूने कराच्या प्रश्नावर राजाचे देणे आणि देवाचे देणे वेगळे केले. संत पॉलने शासनकर्त्यांच्या आज्ञेत राहण्याचा उपदेश केला. तेव्हा मूळ शिकवणुकीत राष्ट्रनिष्ठेला अडसर नाही. अडसर निर्माण झाला तो धर्मपीठ आणि सिंहासन यांची युती झाली तेव्हा. ‘पाद्रोआदो’ व्यवस्थेत बिशपांच्या नेमणुकीत पोर्तुगालच्या राजाचा शब्द चाले. मुंबईतील कॅथलिकांवरचा हा दुहेरी अंमल १९२८मध्ये संपला. श्रद्धेच्या वाटेने परकी सत्ता घरात शिरते ती अशी.

याच समाजाने दुसरी वाटही दाखवली आहे. लोकमान्यांचे सहकारी ‘काका’ जोसेफ बॅप्टिस्टा १९१६मध्ये होमरूल लीगचे अध्यक्ष झाले. त्यांचा क्रूस स्वराज्याच्या आड आला नाही. घटना समितीचे उपाध्यक्ष हरेंद्रकुमार मुखर्जी हे ख्रिस्ती होते. १९४९मध्ये धार्मिक अल्पसंख्याकांसाठीच्या राखीव जागा रद्द करण्याचा ठराव त्यांनीच सल्लागार समितीत मांडला. सवलतीपेक्षा समान नागरिकत्व श्रेष्ठ, हा त्याचा अर्थ होता.

मतभेद आहे तो धर्मांतराबाबत, आणि तो लपवण्याचे कारण नाही. धर्मप्रचाराच्या अधिकारात दुसऱ्याचे धर्मांतर घडवण्याचा अधिकार येत नाही, असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाने १९७७मध्ये स्टॅनिस्लॉस खटल्यात दिला. ही मर्यादा चर्चने मनापासून स्वीकारावी, ही अपेक्षा रास्त आहे. मात्र तेवढीच जबाबदारी हिंदू समाजावरही आहे. मिशनरी संस्थांच्या कारभाराचा जाब कोर्लईच्या ख्रिस्ती कुटुंबाला विचारणे अन्यायाचे होईल. उपासना बदलली म्हणून पूर्वज बदलत नाहीत, हे आपण इतरांना सांगतो. शेजाऱ्याशी वागताना ते आपणही विसरता कामा नये. मराठ्यांनी १७४०मध्ये ज्यांना आपली रयत मानले, त्यांना परके ठरवण्याचा अधिकार आज कोणालाही नाही.