सडा ओसाड नसतो

कोकणात येणारा पाहुणा समुद्र पाहतो तो पुळणीवरून. पाय भिजवतो, शहाळे पितो, मावळत्या सूर्याचा फोटो काढतो आणि परततो. तोच समुद्र वरून पाहायचा तर सड्यावर जावे लागते. राजापूर तालुक्यातल्या कशेळीच्या सड्यावर मी बरीच वर्षे पायी हिंडतो आहे. एका बाजूला मैलभर पसरलेला जांभ्याचा कातळ, दुसरीकडे एकदम तुटलेला कडा आणि खाली कपारींत घुमणाऱ्या लाटा.

थंडीतल्या सकाळी कड्याच्या जरा अलीकडे निवांत बसावे. पांढऱ्या पोटाचा समुद्रगरुड वाऱ्यावर तरंगत येतो. पंखांचा पसारा जवळजवळ दोन मीटर. आपण त्याच्याहून उंच बसलेलो असल्यामुळे त्याची राखी पाठ दिसते. पुळणीवरच्या माणसाच्या नशिबी ती नसते. मासे आणि समुद्रसाप हे त्याचे खाद्य. उंच झाडावरच्या एकाच घरट्याची डागडुजी करीत जोडी ते वर्षानुवर्षे वापरते. अंडी बहुधा दोन, आणि ती उबवायला सुमारे सहा आठवडे लागतात. त्या दिवसांत माणसांचा गलका जवळ आला तर जोडी घरटे टाकूनही जाते. म्हणूनच मला ठाऊक असलेल्या घरट्याचा पत्ता मी इथे देणार नाही. समुद्र शांत असेल तर पाठीवर वशिंड असलेले डॉल्फिनही किनाऱ्यालगत वर येताना दिसतात. ही जात आज जगभरात संकटात आहे.

पावसाच्या पहिल्या सरींनंतर याच काळ्या दगडाच्या भेगांतून दीपकाडीची पांढरी फुले वर येतात. ती मूळची कोकणातलीच. पुढे सीतेची आसवे ही चिमुकली कीटकभक्षी वनस्पती ओल्या कातळावर निळीजांभळी पखरण घालते. आणि दगडावर माणसाची खूणही आहे. कशेळीला सुमारे १८ मीटर लांबीचा हत्ती कोरलेला आहे. कोकणातल्या काही कातळशिल्पांत गेंडाही दिसतो. आज कोकणात गेंडा नाही! प्राणी नाहीसे होतात, याचा एवढा जुना पुरावा आपल्या पायाखाली आहे. २०२२ साली ही कातळशिल्पे युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत गेली.

आणि अशा जमिनीला आपण काय म्हणतो? पडीक! एकदा हा शब्द चिकटला की पुढचे सारे सोपे होते. चिऱ्यांच्या खाणी निघतात, सुरुंग लावून कलमांसाठी खड्डे पाडले जातात, कड्याच्या टोकापर्यंत गाड्या जातात. कलमे लावणाऱ्याला मी दोष देत नाही. त्यालाही पोट आहे. पण हिशेब मांडताना सड्याच्या खात्यावर शून्य लिहिणे हा खोटा हिशेब आहे.

इंग्लंडच्या नैर्ऋत्य किनाऱ्यावर हजार किलोमीटरहून लांब पायवाट आहे. चोरट्या मालावर नजर ठेवणारे पहारेकरी ज्या कड्यांवरून गस्त घालीत, तिथून आज पक्षी पाहणारे चालतात आणि वाटेवरच्या गावांना त्यातून उत्पन्न मिळते. इतक्या लांब जायचे नसेल तर मंडणगड तालुक्यातले वेळास पाहावे. २००२ पासून तिथे कासवांची अंडी राखली जाऊ लागली आणि पिल्ले समुद्रात जाताना पाहायला येणाऱ्यांसाठी गावाने आपल्या घरांची दारे उघडली.

सड्यालाही हे जमेल. कड्यालगतचा पट्टा फक्त पायी चालणाऱ्यांसाठी राहावा, गाड्या गावातच थांबाव्यात, वाट दाखवायला गावचाच पोरगा असावा आणि विणीच्या दिवसांत कोणत्या बाजूला फिरकायचे नाही हे त्याने ठरवावे. याला फार पैसा लागत नाही. मात्र सातबारा कोणाच्याही नावावर असो, या जमिनीला आधीपासून रहिवासी आहेत, हे आधी मान्य करावे लागेल.