सबील बंद पडली, आणि आपल्याला पत्ताही नाही

फ्रान्समधली ‘डीएनएस झिरो डॉट ईयू’ ही सेवा ऑक्टोबर २०२५मध्ये बंद झाली. ना-नफा तत्त्वावर चालणारी, वापरणाऱ्यांकडून एक पैसाही न घेणारी. चालवणाऱ्यांनी सरळ सांगून टाकलं की लागणारा वेळ आणि साधनं पुरवत राहणं आता झेपणारं नाही. “फुकटचं कधी टिकतं का?” असं म्हणणारे शहाणे आपल्यात पुष्कळ आहेत. माझं भांडण त्यांच्याशीच आहे.

मोबाइलवर एखादी साइट उघडताना फोन आधी कुणाला तरी विचारतो, “या नावाचा पत्ता काय?” पत्ता सांगणारी ही यंत्रणा म्हणजे डीएनएस. नेहमीच्या पद्धतीत हा प्रश्न पोस्टकार्डासारखा उघडा जातो. हॉस्टेलचं वायफाय सांभाळणारा तो वाचू शकतो, इंटरनेट कंपनी वाचू शकते. एनक्रिप्टेड डीएनएस म्हणजे तेच कार्ड पाकिटात घालून पाठवणं. (पाकिटाने सगळं झाकलं जात नाही, कोणती साइट उघडली याच्या इतर खुणा मागे राहतातच.) पण पाकीट उघडणारा कुणीतरी असतोच, आणि तुमचे सगळे प्रश्न त्याच्याकडे जमा होतात. म्हणून तो कोण आहे, यालाच महत्त्व आहे. नोंदी न ठेवणारी छोटी संस्था बंद पडली, की लोक मुकाट्याने गुगल किंवा क्लाउडफ्लेअरच्या दारात जाऊन उभे राहतात.

किंवा त्याहून वाईट. अँड्रॉइडच्या ‘प्रायव्हेट डीएनएस’मध्ये एखाद्या सेवेचं नाव टाकलेलं असेल आणि ती बंद पडली, तर फोनवर काहीच उघडत नाही. वैतागलेला माणूस ती सेटिंगच बंद करतो आणि विसरून जातो. पोस्टकार्ड पुन्हा उघडं.

“मनात पाप नाही, त्याला लपवायचं काय?” हा आपल्या मोहल्ल्यातला लाडका सवाल. भिवंडीतली एखादी मुलगी रात्री खुल्याबद्दल माहिती शोधत असेल, मालेगावातला मुलगा नैराश्यावरची हेल्पलाइन शोधत असेल. यात पाप कुठलं? आणि हे घरच्यांना, वायफायवाल्याला, कंपनीला कळायलाच हवं, हे कुणी ठरवलं? सूरह हुजुरातच्या १२व्या आयतीत एकमेकांची टेहळणी करायला मनाई आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी २४ ऑगस्ट २०१७ रोजी एकमताने खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला. पडद्यावर तासभर बयान करणाऱ्यांना मुलीच्या फोनचा पडदा तेवढा आठवत नाही.

आता पैशाचं बोलू. आपल्या पूर्वजांनी वाटसरूंसाठी विहिरी, सराया, सबिली वक्फ केल्या. पाणी पिणाऱ्याला नाव विचारायचं नाही, हाच त्यातला अदब. नोंदी न ठेवणारा डीएनएस ही त्याच जातीची गोष्ट आहे. जकातीचे आठ हक्कदार ठरलेले आहेत, त्यात सर्व्हर घुसवा असं मी म्हणत नाही. पण सदका? चंदा? मिनाराच्या रोषणाईला पैसा निघतो. एक छोटा सर्व्हर महिनाभर भाड्याने घ्यायला बिर्याणीच्या एका देगेपेक्षा कमी खर्च येतो. खरा खर्च माणसाच्या वेळेचा आहे. रात्री दोन वाजता सर्व्हर पडला तर उठणार कोण? इंजिनिअरिंग कॉलेजांतून बाहेर पडलेल्या आपल्या मुलामुलींपैकी किती जणांनी अशा एखाद्या कामाला आठवड्याचे दोन तास दिले आहेत?

“मग इथेच सुरू करा ना!” असंही कुणी म्हणेल. करावंच. पण सर्ट-इनच्या २८ एप्रिल २०२२च्या निर्देशांनी सेवा पुरवणाऱ्यांना १८० दिवसांच्या नोंदी ठेवायला सांगितलं आहे. नोंदच ठेवायची नाही म्हणणाऱ्या सबिलीला या देशात आधी हा नियम आडवा येतो. त्याविरुद्ध आपल्या किती जमातींनी, किती वकील मंडळींनी निवेदन दिलं? तेव्हा दोन कामं आहेत. परदेशात ज्या छोट्या संस्था अजून तग धरून आहेत, त्यांतली एक निवडून दर महिन्याला तिला थोडी मदत पाठवा. आणि नोंदींच्या नियमाबद्दल आपल्या खासदाराला पत्र लिहा, मराठीत, स्वतःच्या नावाने.