खाडीच्या चिखलातील औषधधन कोणाचे?

मालवणजवळची कोळंबची खाडी असो, आचऱ्याची असो वा देवबागला समुद्रास मिळणारी कर्ली नदी. ओहोटी लागली की कांदळवनातील तिवरांची श्वासमुळे चिखलातून वर आलेली दिसतात. मासे, खेकडे आणि कालवे यांचे आगर म्हणूनच सिंधुदुर्गवासीय या चिखलाकडे आजवर पाहत आले. आता त्याकडे आणखी एका दृष्टीने पाहण्याची गरज निर्माण झाली आहे.

प्रतिजैविकांना न जुमानणारे जिवाणू हे जगापुढील मोठे संकट आहे. ‘लॅन्सेट’ने २०२२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार २०१९ या एकाच वर्षात सुमारे १२ लाख ७० हजार मृत्यू थेट या कारणाने झाले. केंद्र सरकारनेही नोव्हेंबर २०२५ मध्ये याविरुद्धचा दुसरा राष्ट्रीय कृती आराखडा जाहीर केला. जुनी औषधे निकामी होत असताना नवी येणार कोठून, हा खरा प्रश्न आहे.

आजवरची बहुतेक प्रतिजैविके मातीतूनच मिळाली. वनस्पतींची मुळे शर्करा व अमिनो आम्ले मातीत सोडतात. त्यामुळे मुळांलगत जिवाणूंची दाटी होते. जेथे दाटी तेथे चढाओढ, आणि या चढाओढीत परस्परांना रोखणारी रसायने तयार होतात. खारे पाणी व प्राणवायूची टंचाई यांत तगणाऱ्या कांदळवनातील जिवाणूंकडे संशोधकांचे लक्ष वळले आहे, ते याचमुळे.

महाराष्ट्राला हा मार्ग अपरिचित नाही. १९५४ मध्ये स्थापन झालेल्या पिंपरीच्या हिंदुस्थान अँटिबायोटिक्समध्ये डॉ. एम. जे. तिरुमलाचार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मातीतील जिवाणूपासून ‘हॅमायसिन’ हे बुरशीनाशक औषध शोधले. त्या जिवाणूचे शास्त्रीय नावच ‘स्ट्रेप्टोमायसिस पिंप्रिना’ असे ठेवण्यात आले. पुढे १९९०च्या दशकात हाच कारखाना आजारी उद्योग ठरला, हे दुर्दैव.

अर्थात, चिखल म्हणजे औषध नव्हे. मातीतील बहुसंख्य जिवाणू प्रयोगशाळेत वाढतच नाहीत. अमेरिकी संशोधकांनी त्यांना मातीतच वाढविण्याची युक्ती योजून २०१५ मध्ये ‘टेक्सोबॅक्टिन’ जगापुढे आणले. परंतु शोधापासून औषधाच्या दुकानापर्यंतची वाट लांब आणि खर्चिक असते.

वाट लांब असली, तरी तिच्या प्रारंभीच हक्काचा प्रश्न सोडवावा लागतो. फिलिपिन्समधील इलोइलो येथील डॉ. अबेलार्दो अग्विलार यांनी १९४९ मध्ये मातीचा नमुना अमेरिकी कंपनीला पाठविला. त्यातून एरिथ्रोमायसिन हे औषध निघाले आणि जगभर खपले. अग्विलार यांना मात्र स्वामित्वधन अखेरपर्यंत मिळाले नाही.

आपल्याकडे २००२च्या जैवविविधता कायद्याने सूक्ष्मजीवांनाही जैविक संसाधन मानले आहे. परदेशी कंपनीला त्यांच्या वापरासाठी राष्ट्रीय प्राधिकरणाची पूर्वपरवानगी लागते. असे निर्णय घेताना स्थानिक जैवविविधता व्यवस्थापन समितीचा सल्ला घेणेही बंधनकारक आहे. परंतु लोकजैवविविधता नोंदवहीत झाड, मासा, पक्षी सहज येतात. डोळ्यांना न दिसणाऱ्या जिवाची नोंद कोण करणार? म्हणूनच खाडीतून नमुना नेणाऱ्या प्रत्येक संस्थेने गाव, खाडी व तारीख समितीकडे नोंदवावी आणि वेगळा केलेला जिवाणू त्या तपशिलासह पुण्याच्या राष्ट्रीय सूक्ष्मजीव संसाधन केंद्रात ठेवावा. यासाठी नवा कायदा नको, इच्छाशक्ती हवी.

मुळात कांदळवनच उरले नाही, तर हा सारा विचार व्यर्थ ठरेल. मुंबई उच्च न्यायालयाने २०१८ मध्ये राज्यभर कांदळतोडीस मनाई केली. वेंगुर्ल्याच्या मांडवी खाडीत बचतगटाच्या महिलांनी कांदळवन सफर सुरू करून, हे वन उभे ठेवूनही चार पैसे मिळविता येतात, हे दाखवून दिले. उद्या या चिखलातून एखादे औषध निघालेच, तर त्याच्या लाभातील पहिला वाटा वन राखणाऱ्या अशा गावांचा असला पाहिजे. आणि त्याची तजवीज आजच करावयास हवी.