ओसरीवरून : “एकदा समक्ष भेटा” असे गिऱ्हाईक म्हणाले तर



शाळूची पेरणी उरकली, तुरी फुलावर आल्या आणि ओसरीवर बसायला जरा सवड झाली. त्या सवडीत गेल्या पंधरवड्यात दोन निरनिराळ्या घरांतून एकच प्रश्न कानी आला. मुलगी किंवा सून घरी बसून संगणकावर परगावच्या लोकांची कामे करते. कोणी हिशेब लिहिते, कोणी पुस्तकांची अक्षरजुळणी करते, कोणी दुकानांच्या जाहिराती तयार करून देते. पगार नाही, सगळे उक्ते काम. जेवढे काम तेवढे दाम, आणि पैसे थेट खात्यात. सुरळीत चाललेले असते आणि एक दिवस नवे गिऱ्हाईक म्हणते, “काम देतो, पण एकदा समक्ष येऊन भेटा.” झाले! घरात दोन तट पडतात. एक म्हणतो, आलेली लक्ष्मी परत पाठवू नये. दुसरा म्हणतो, ज्याचे तोंड पाहिले नाही त्याच्या दारात पोरीने जायचेच कशाला?

दोघांचेही थोडे थोडे खरे आहे. म्हणून आमच्या बार्शी भागातल्या, शेजारच्या वस्तीवरल्या एका सुनेची हकीकत सांगतो. नाव सांगत नाही, तशी तिची अट आहे.

ही सून बी. कॉम. झालेली. लग्नाआधी तालुक्याच्या गावी एका कर सल्लागाराकडे कामाला होती. वस्तीवर आल्यावर ते सुटले. पुढे 2016 नंतर मोबाइलवरचे इंटरनेट स्वस्त झाले तेव्हा तिने एक जुना लॅपटॉप घेतला आणि व्यापाऱ्यांची खाती टॅलीवर लिहायला लागली. व्यापारी बिलांचे फोटो पाठवतो, ही नोंदी करते, जीएसटीचे विवरणपत्र तयार करते. दुपारी जनावरांचे पाणी झाल्यावर दोन तास आणि रात्री मुले झोपल्यावर तीन तास, असा तिचा धंदा.

पहिले बोलावणे आले ते पुण्याच्या एका पेठेतल्या व्यापाऱ्याचे. “माणूस बघितल्याशिवाय मी हिशेब कुणाच्या हातात देत नाही,” असे तो म्हणाला. ही हरखून गेली. पहाटेची एसटी धरून कुर्डुवाडी, टेंभुर्णी, इंदापूर करत बारा वाजता दुकानात पोहोचली. शेठ दुकानात नव्हते. चार वाजता आले. दहा मिनिटे बोलले, चहा पाजला आणि म्हणाले, “बरं, कळवतो.” ते कळवणे आजतागायत आलेले नाही.

गाडीभाडे गेले ते गेलेच, पण खरी खोट वेगळीच झाली. ती तारीख होती 19. महिन्याच्या महिन्याला विवरणपत्र भरणाऱ्यांची मुदत 20 तारखेला संपते आणि त्या दिवशी संकेतस्थळावर ही गर्दी! मध्यरात्री घरी आलेल्या बाईने दुसऱ्या दिवशी किती ओढावे? एका जुन्या गिऱ्हाइकाचे विवरणपत्र 21 तारखेला गेले. उशिराचा आकार दिवसाला 50 रुपये. तो तिने पदरचा भरला. गिऱ्हाईक एवढेच म्हणाले, “ताई, पन्नास रुपयांचं काही नाही, पण तारीख चुकली ना.” नव्याच्या नादात जुन्याचा शब्द गेला.

सासूबाई म्हणाल्या, आता कुठे जायचे नाही. पुढचे बोलावणे नाशिकहून आले तेव्हा तिने एका ओळीत कळवून टाकले की, मी कोणाला भेटत नाही. तो माणूस सरळ होता, काम चांगले होते. त्याने दुसरीकडे दिले. तेव्हा कुठे तिने बसून विचार केला की, माणूस भेट मागतो ती कशासाठी?

आता आपलेच पाहा. बैल घेताना आपण दात बघतो, चार पावले चालवून बघतो. कांदा नव्या अडत्याकडे घालायचा तर दोन बाजार त्याच्या गाळ्यासमोर उभे राहतो, आधीच्यांना पट्टीचे पैसे वेळेवर मिळाले का ते विचारतो. शेठ तरी दुसरे काय करतो? दुकानाचा सगळा हिशेब, कोणाचे किती देणे, कोणाकडे किती येणे, हे परक्याच्या हाती द्यायचे असते. भेट मागितली म्हणून त्याच्यावर रागवायचे कारण नाही. त्याला खात्री हवी आहे. ती देण्याचा भेट हा एक मार्ग आहे, एकच नव्हे.

आता बोलावणे आले की ती नाही म्हणत नाही आणि लगेच होही म्हणत नाही. तिचे फोनवरचे बोलणे मी कान देऊन ऐकले आहे, तसेच लिहितो : “जरूर भेटू, शेठ. त्याआधी उद्या दुपारी तीन वाजता वीस मिनिटं व्हिडिओवर बोलू. तुमच्या मागच्या एका महिन्याची बिलं पाठवा, मी नोंदी करून दाखवते. त्या महिन्याचे पैसे एवढे होतील. काम पसंत पडलं आणि तरी भेटायची गरज वाटली, तर दिवस ठरवू.” ती सांगते, महिन्याभराचे काम बघितल्यावर बहुतेकजण भेटीचे नावसुद्धा काढत नाहीत.

इथे दोन गोष्टी ध्यानात घ्या. महिन्याचे काम दाम घेऊन दाखवायचे, फुकट नव्हे. एका कणसाचे दाणे चाखायला देतात, पोते देत नाहीत. आणि खात्रीसाठी जुन्या गिऱ्हाइकाचा नंबर द्यायचा, पण आधी त्याला विचारून. एका कागदावर काम काय, दर काय, तारखा कोणत्या आणि हिशेब तिसऱ्याला दाखवणार नाही हे लिहून द्यायचे. व्यवहारापुरते पॅन ठीक आहे. आधारची प्रत मात्र हौसेने वाटू नये. द्यावीच लागली तर शेवटचे चारच आकडे दिसणारे आधार मिळते, ते द्यावे.

व्हिडिओवर बोलण्याचीही तयारी लागते. खिडकीकडे पाठ करून बसले तर चेहरा काळा दिसतो, म्हणून उजेडाकडे तोंड करावे. फोन आधी भरून ठेवावा, विजेचा भरवसा धरू नये. वीस मिनिटे कुकर चढवू नये. पहिल्या बोलण्यात शेळीने खिडकीतून तोंड घातले तेव्हा सून लाजेने अर्धी झाली. शेठ मात्र हसून म्हणाले, आमच्या आजोळची आठवण झाली. सगळेच असे हसतील असे नाही, तेव्हा शेळी लांब बांधलेली बरी.

कधी भेट खरोखर लागते. एका कापड दुकानदाराच्या तीन वर्षांच्या वह्या कागदावरच होत्या. ते काम फोटोवर होणारे नव्हतेच. तिथे तिने सांगितले : जाण्यायेण्याचा खर्च आणि एक दिवसाची मजुरी निघण्याआधी विसार म्हणून खात्यात द्या, काम ठरले तर पहिल्या बिलातून दिवसाची मजुरी वजा करीन. 17 मार्च 2023 पासून बायकांना एसटीचे भाडे निम्मे झाले हे खरे, पण दिवस काही निम्मा होत नाही! दुकानदाराने त्याच संध्याकाळी पैसे पाठवले. ज्याला काम द्यायचे असते तो एवढ्यावर अडत नाही. अडतो तो बहुधा “कळवतो” म्हणणारा असतो. आणि भेटीचा दिवस तिने 5 तारखेला धरला, 20 च्या आसपास नाही.

भेटीची जागा म्हणजे त्याचे चालू दुकान किंवा कचेरी, तीही दिवसाउजेडी, चार माणसे वावरत असताना. नाहीतर गजबजलेले उपाहारगृह. लॉज नाही, कोणाचे रिकामे घर नाही, रात्रीची वेळ नाही. आदल्या दिवशी एक जागा ठरली आणि ऐनवेळी “इथे नको, तिकडे या” असे झाले, तर तिथूनच माघारी फिरायचे, भाडे गेले तरी. घरातल्या कोणाला तरी फोनवरून आपला ठावठिकाणा सतत दिसेल अशी सोय आता आहे, ती चालू ठेवावी. अडचण आलीच तर 112 हा नंबर देशभर चालतो. शिवाय कामाच्या ठिकाणी बाईशी कोणी वावगे वागले तर 2013 च्या कायद्याने तिला तक्रार करता येते, मग ती तिथे नोकरीला असो वा नसो. धनीच दोषी असेल तर तक्रार जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे, लेखी आणि तीन महिन्यांच्या आत द्यायची. हे घरातल्या पुरुषांनीही वाचून ठेवावे.

आणखी एक जात असते. हे लोक भेटीच्या नावाखाली पैसेच मागतात : नोंदणीचे, मुलाखतीचे, साहित्याचे. काम देणारा पैसे देतो, घेत नाही. “तुम्हाला पैसे पाठवतो, फक्त पिन टाका” असे कोणी म्हणाले तर फोन ठेवा. पैसे येण्यासाठी पिन कधीच लागत नाही. फसगत झालीच तर लाजेने गप्प बसू नका. तडक 1930 वर कळवा, जेवढे लवकर तेवढे पैसे अडवले जाण्याची आशा.

आता ज्यासाठी हे सगळे लिहायला घेतले ते सांगतो. काही गिऱ्हाइके म्हणतात, “तुम्ही नका येऊ, मीच येतो तुमच्या गावी.” हे ऐकायला सोपे, निभवायला अवघड. मागच्या साली असेच एक व्यापारी वस्तीवर आले. सुनेने दर आधीच कळवला होता. सासरेबुवा म्हणजे देवमाणूस. त्यांनी पाहुण्याला हुरडा दिला, विहीर दाखवली, तूर दाखवली. जेवण झाल्यावर व्यापाऱ्याने पैशाचा विषय काढला, तोच सासरेबुवा म्हणाले, “पैशाचं काय घेऊन बसलात? तुम्ही घरचेच. द्या जमेल तसं, पोरीला तेवढाच विरंगुळा.” सून आत भाकरी थापत होती. तिच्या हातातली भाकरी तव्यावर पडायच्या आधी तिचा दर निम्म्यावर आला होता. त्या व्यापाऱ्याचे काम तिने वर्षभर निम्म्या दराने केले, कारण सासऱ्यांचा शब्द खाली कसा पाडायचा?

वाचकहो, त्या म्हाताऱ्याच्या मनात काडीचे वाईट नव्हते. सून जे करते ते काम आहे, हेच त्याच्या ध्यानात आले नव्हते. तिच्या त्या विरंगुळ्यातून दोन पोरांची शाळेची फी जात होती आणि पाऊस रुसला त्या साली सोसायटीचे व्याजही गेले होते. हे तिने कधी बोलून दाखवले नाही आणि कोणी विचारले नाही. शेवटी तिच्या नवऱ्याने एका रात्री वही उघडून वडिलांना आकडे वाचून दाखवले. म्हातारा बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, “मला आधी सांगायचं नाही का?”

येत्या गुरुवारी नाशिकचे ते जुने गिऱ्हाईक, तेच हातचे गेलेले, वस्तीवर यायचे आहे. दुसरीकडचे काम त्यांना पटले नाही. यावेळी भाकरी सासूबाई करणार आहेत. सून ओसरीवर वही घेऊन बसणार, दराचे तीच बोलणार. सासरेबुवांकडे पावसापाण्याचा विषय दिला आहे, आणि आंब्याच्या कलमांचा.